मॅडम, एकदा मणका मोडा की!

फिजिओथेरपीच्या खोलीत दिवसभरात सगळ्यात जास्त ऐकू येणारा आवाज घोरण्याचा असतो. कोल्हापुरात माझ्यासारखं हे काम करणाऱ्या कुणालाही विचारा. हिरव्या पडद्यापलीकडं कंबरेला शेक लावून ठेवलेला माणूस दहा मिनिटांत गाढ झोपतो, आणि हाच माणूस आत येताना सांगत असतो, "रातभर डोळ्याला डोळा लागत न्हाई, मॅडम." त्याची तक्रार खरी असते, पडद्याआडची झोपही खरी असते. उठल्यावर मात्र तो एक निष्कर्ष काढतो आणि बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांना ऐकवतो, "मणका जाग्यावर बसला. आता झोप लागणार." या वाक्यातलं किती खरं आणि किती नाही, ते पडद्याच्या आतल्या बाजूनं जसं दिसलं तसं इथं सांगते. माणसांची नावं-गावं देत नाही. त्यांनी जे सांगितलं ते माझ्या भरवशावर सांगितलं आहे.

गेल्या काही वर्षांत या गोष्टीत मोबाईल आला. परदेशातला, नाहीतर दिल्ली-मुंबईचा कुणीतरी कायरोप्रॅक्टर, म्हणजे हातांनी मणके 'बसवणारा', रुग्णाच्या हनुवटीखाली पट्टा अडकवतो, झटक्यात ओढतो, 'कडाक्' असा आवाज येतो. रुग्ण आधी दचकतो, मग हसतो, कधी रडतो. खाली लिहिलेलं असतं: पाठदुखी, डोकेदुखी, चक्कर, निद्रानाश. माणसं तो व्हिडिओ माझ्यापुढं धरतात आणि म्हणतात, "हे असं करा. एकदा मोडा की, मॅडम!"

करवीर तालुक्यातला एक गुळव्या, म्हणजे गुऱ्हाळात गूळ करणारा कारागीर, असाच आला होता. ऐन हंगामात. गुऱ्हाळ बघितलेल्यांना माहीत आहे, काहिलीपुढं उभं राहणं म्हणजे काय असतं. पहाटे दोन-अडीचला पहिलं आधण, खाली चुलवाण धडधडतंय, वर रस उकळतोय. गुळव्यानं थेंब गार पाण्यात सोडून गोळी वळते का बघायचं आणि नेमक्या क्षणाला काहील उतरवायची. तो क्षण चुकला की आख्खं आधण वाया. त्यात गुळाचे तीस-तीस किलोचे रवे हलवायचे. या माणसाची कंबर धरली होती आणि रात्री या कुशीवरून त्या कुशीवर होताना जीव जात होता. त्याला झोप नव्हती. त्याला खात्री होती की मणका सरकलाय, आणि तो 'कडाक्' करून बसला की झोप परत येईल.

मी त्याला नीट तपासलं. पायात मुंग्या, बधिरपणा, ताकद कमी होणं, लघवीवरचा ताबा जाणं, यातलं काही नव्हतं. मणका कुठंही सरकलेला नव्हता. कंबरेचे स्नायू मात्र दोराला पीळ द्यावा तसे आवळले होते. झटका न देता सांधे हळूहळू हलवले, शेक दिला, श्वास लांबवायला लावला. त्याचा मोबाईल बाहेर त्याच्या पोराकडं होता. खोलीत अंधार होता. तो झोपला. पुढच्या रुग्णाला मी दुसऱ्या कॉटवर घेतलं आणि याला तासभर उठवलं नाही. जागा झाला तेव्हा पहिला शब्द होता, "बसला!" त्याच आठवड्यात त्याच्या गुऱ्हाळावरची निम्मी माणसं माझ्याकडं आली.

खरा किस्सा पुढं आहे. हंगाम संपला. कंबर बरी झाली. रवे नाहीत, चुलवाण नाही, घरी निवांतपणा. आणि झोप परत आलीच नाही. एप्रिलच्या उन्हात तो परत दारात उभा, डोळे लाल. "मणका परत सरकला, मॅडम. दुखत न्हाई, पण झोप न्हाई." दुखत नसताना सरकलेला मणका! त्या एका वाक्यात या सगळ्या विषयाची गाठ आहे. झोप मणक्यामुळं गेली असती, तर कंबर सुटली तेव्हाच ती परत यायला हवी होती.

अमेरिकेतले निद्रातज्ज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८०च्या दशकात एक साधी मांडणी केली. निद्रानाश सुरू करणारं कारण एक असतं आणि तो चालू ठेवणारं कारण दुसरंच असतं. दुखणं, बाळंतपण, परीक्षा, कर्ज, घरातला मृत्यू, कशानंही झोप मोडते. ते कारण निघून जातं, पण तोवर माणसानं झोपेच्या पाठीमागं लागून काही सवयी लावून घेतलेल्या असतात आणि त्या सवयी झोपेला परत येऊ देत नाहीत. गुळव्याचं अगदी तेच झालं होतं. हंगामात तो दर आधणाला चहा घ्यायचा आणि दुपारी चिपाडाच्या ढिगावर मिळेल तसा आडवा व्हायचा. हंगाम संपला तरी चहा तेवढाच, दुपारची झोप तेवढीच. वर रात्री नऊलाच अंथरुणात, "झोप भरून काढायची" म्हणून. दोनपर्यंत आढं बघत पडायचं आणि मनात एकच घोकणी, मणका, मणका.

त्याला मी हात लावला नाही. त्याच्या घरच्या डॉक्टरांना विश्वासात घेऊन त्याला वेळापत्रक दिलं. अकराच्या आत अंथरुणाकडं फिरकायचं नाही. पहाटे पाचला उठायचंच, झोप लागो न लागो. झोप येत नाही असं वाटलं तर उठून सोप्यात जाऊन बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. दुपारची झोप बंद, जेवणानंतर चहा बंद. पहिल्या आठवड्यात त्यानं मला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या असणार, त्याच्या बायकोनं तर समोरच सांगितलं, "पार चिडचिडा झालाय मानूस." हळूहळू झोप सलग व्हायला लागली, तसतशी अंथरुणातली वेळ वाढवली. या पद्धतीचा गाभा झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलण्याचा आहे. जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी हीच पद्धत वापरावी, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ साली सांगितलं आणि युरोपातल्या तज्ज्ञांचाही तोच सल्ला आहे. यात आवाज कसला येत नाही, म्हणून तिचा व्हिडिओ कुणी फिरवत नाही.

त्या आवाजाविषयीही सांगायला हवं, कारण सगळा विश्वास त्या आवाजावरच बसतो. सांध्याच्या आत वंगणासारखा द्रव असतो. सांधा पटकन ताणला की आतला दाब एकदम कमी होतो आणि त्या द्रवात पोकळी तयार होते. २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी बोटं एमआरआय यंत्रात ठेवून ओढली आणि आवाज होतानाची ही पोकळी चित्रात टिपली. त्याच सांध्यातून परत आवाज काढायचा तर साधारण वीस मिनिटं थांबावं लागतं. मणक्याचे छोटे सांधेही त्याच जातीचे आहेत. हाड कुठून कुठं गेलं, याच्याशी आवाजाचा संबंध नाही. आवाजानंतर बरं वाटतं, हे मात्र खोटं नाही. ताणलेल्या स्नायूला काही काळ सैल व्हायची सूचना मिळते आणि माणसाच्या मनाला एक पुरावा मिळतो की काहीतरी घडलं.

कायरोप्रॅक्टिकची सुरुवातही एका पुराव्यातूनच झाली. १८ सप्टेंबर १८९५. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं डेव्हनपोर्ट गाव. डॅनिएल डेव्हिड पामर हा चुंबकानं उपचार करणारा माणूस. त्याच्या इमारतीतला सफाई कामगार हार्वी लिलार्ड याला बरीच वर्षं नीट ऐकू येत नव्हतं. पामरनं लिहून ठेवलंय की लिलार्डच्या पाठीतला जागेवरून हललेला मणका त्यानं दाबून बसवला आणि त्याला ऐकू यायला लागलं. लिलार्डच्या मुलीनं पुढं सांगितलेली हकीकत वेगळी आहे. तिचे वडील कुणाला तरी विनोद सांगत होते, तो ऐकून पामर खदखदून हसला आणि हातातलं पुस्तक त्यानं त्यांच्या पाठीवर हाणलं. काही दिवसांनी लिलार्ड म्हणाले की ऐकू जरा बरं येतंय. यातलं काय घडलं ते त्या दोघांनाच ठाऊक. पण ऐकण्याची नस कवटीच्या आतच मेंदूला मिळते, पाठीच्या मणक्यातून ती जातच नाही, एवढं शरीरशास्त्राचं कुठलंही पुस्तक सांगतं. पामरनं त्या एका प्रसंगावरून सिद्धांत बांधला की जवळजवळ सगळे रोग मणके किंचित हलल्यामुळं होतात. १८९७ साली शाळा काढली. १९०६ साली विनापरवाना वैद्यकी केली म्हणून तुरुंगातही गेला. १९१३ साली कॅन्सस राज्यानं पहिला परवाना-कायदा केला आणि १९७४ साली लुइझियानानं शेवटचा. आज अमेरिकेत ती कायदेशीर विद्या आहे आणि तिच्यातले बरेच लोक पामरचा मूळ सिद्धांत बाजूला ठेवून फक्त पाठ आणि मानेच्या दुखण्यावर काम करतात.

हे वाचताना कोल्हापूरकराला पायाळू माणूस आठवला नाही तरच नवल. उसण भरली, पाठीत चमक निघाली की जन्मताना पायानं आलेल्या माणसाला शोधायचं आणि त्याचा पाय पाठीला लावून घ्यायचा. राधानगरीकडची एक म्हातारी माझ्याकडं आली ती आधी दोन पायाळूंकडं जाऊन. तिला विचारलं, फरक पडला का? म्हणाली, "पडला की. त्या रातीला झोपलो. दुसऱ्या रातीला परत तेच." हे मी लिहून ठेवलंय, कारण तिनं एका वाक्यात जे सांगितलं तेच संशोधनात सापडतं. तिच्या बाबतीत निघालं भलतंच. रात्री पडलं की पोटऱ्यांत वळवळ, ओढ, पाय हलवल्याशिवाय राहवायचं नाही. पोटरीला फडकं आवळून बांधायची. मी तिला डॉक्टरांकडं पाठवलं. रक्तातलं लोह पार तळाला गेलेलं निघालं. पाय अस्वस्थ होण्याचा हा आजार लोह कमी असलेल्या बायकांमध्ये पुष्कळ असतो आणि पाठीवर कुणाचाही पाय पडला तरी तो जात नाही.

संशोधन काय म्हणतं ते थोडक्यात. २००५ साली ऑस्ट्रेलियातल्या एका पाहणीत कायरोप्रॅक्टिक घेणाऱ्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश जणांनी सांगितलं की उपचारानंतर लगेचची झोप सुधारली. पुढं पाठपुरावा केला तेव्हा ती सुधारणा सातत्यानं टिकलेली दिसली नाही. २०१० साली या विषयावरचं सगळं साहित्य एकत्र तपासण्यात आलं, तर त्यात बहुतेक एकेकट्या रुग्णांच्या हकिगती आणि छोट्या पाहण्या निघाल्या. त्यावरून ठाम काही म्हणता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. २०२१ साली दमा, तान्ह्या बाळांची पोटदुखी, रक्तदाब, पाळीतल्या वेदना आणि मायग्रेन यांवरचे नीट केलेले प्रयोग तपासले गेले आणि तिथंही मणका बसवण्याचा उपयोग दिसला नाही. कंबरदुखीचं वेगळं आहे. तिच्यावर कुशल हातांनी केलेला हा उपचार व्यायामासारख्या इतर चांगल्या उपचारांइतकाच उपयोगी पडतो. मग दुखणं कमी झालं की झोप सुधारणारच. दुखण्यानं झोप मोडते आणि मोडलेल्या झोपेनं दुखणं वाढतं, हे चक्र मी रोज बघते. ज्याची झोप फक्त दुखण्यानं गेली आहे त्याला दुखण्यावरचा कुठलाही चांगला उपचार झोप देईल. त्यापलीकडचं श्रेय मणक्याला देता येत नाही.

या शहरात हातांनी झोप आणण्याची सगळ्यात जुनी शाळा म्हणजे तालीम. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, कुठल्याही तालमीत पहाटे चारला जोर-बैठका सुरू होतात. मेहनत, लढत, मग खुराक, मग मालीश, मग झोप. पोरं एकमेकांना रगडतात, मांड्यांवर पाय देऊन उभी राहतात. एका वस्तादांकडं मी बऱ्याचदा बसले आहे. दुपारी पोरं झोपली की ते स्वतः दाराशी खुर्ची टाकून बसतात, कुणालाही आत सोडत नाहीत. म्हणाले, "खुराक अंगाला लागतो तो झोपेत. म्हणून मी झोपंवर पहारा देतो." गाढ झोपेतच शरीर वाढीचं संप्रेरक सगळ्यात जास्त सोडतं. वस्तादांनी ते कुठं वाचलेलं नाही, पोरांच्या अंगावर बघितलेलं आहे.

एकदा त्यांनी एका पोराला माझ्याकडं पाठवलं. मोठं मैदान जवळ आलं होतं आणि पोराची झोप उडाली होती. कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं की मान मोडून घे, मेंदूला रक्त जास्त जाईल, झोप लागेल. खांदा थोडा दुखावलेला होता, तो बघितला. मानेला काही झालं नव्हतं. मी वस्तादांना विचारलं, तुम्ही अशा वेळी काय करता? त्यांनी आतून काशाची वाटी आणली. पोराला पालथं झोपवलं, तळपायाला तूप लावलं आणि वाटी फिरवायला सुरुवात केली. घाई नाही, बोलणं नाही. टाचेपासून बोटांपर्यंत आणि परत. तूप काळं पडेपर्यंत हात चालू होता. तळवे लालबुंद आणि गरम झाले. मी विचारलं, आणि मान? म्हणाले, "मानंला हात लावायचा न्हाई. मान पैलवानाची असली तरी आत माणूसच हाय."

तूप काळं होतं ते शरीरातली उष्णता निघाली म्हणून, असं लोक मानतात. तो काळेपणा काशाच्या घासण्याचा आहे. पण त्या गरम तळव्यांमध्ये तथ्य आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथल्या संशोधकांनी १९९९ साली 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की हातापायांच्या रक्तवाहिन्या उघडून ते गरम झाले की झोप लवकर लागते, कारण शरीराच्या आतली उष्णता बाहेर पडायला वाट मिळते. त्यांनी काशाची वाटी वापरली नव्हती. तरी वस्तादांच्या हाताखाली काय होत असावं, याचा अंदाज बांधता येतो. शिवाय पाऊण तास कुणीतरी आपल्या पायाशी बसलंय, ही गोष्टही मैदानाच्या धास्तीनं जागणाऱ्या वीस वर्षांच्या पोरासाठी थोडी नाही.

माझ्या मनात सगळ्यात खोल रुतलेला माणूस मात्र एक माजी पैलवान आहे. तरुणपणी खासबागेत लढलेला, म्हणजे शाहू महाराजांनी १९१२ साली उभ्या केलेल्या मैदानात. ज्या पैलवानानं तिथं टाळ्या घेतल्या, त्याला त्या उतारवयातही पुरतात. साठी ओलांडली होती. मेहनत सुटली होती, खुराक सुटला नव्हता. तक्रार एकच: रात्री गुदमरून जाग येते, छाती धडधडते, सकाळी डोकं दगडासारखं जड. दिवसा वर्तमानपत्र हातात धरल्या धरल्या डुलकी. एक्स-रेत मानेच्या मणक्यांची झीज दिसत होती. त्या वयात ती बहुतेकांच्या एक्स-रेत दिसते. तो एक्स-रे घेऊन ते कुठंकुठं हिंडले होते. एकानं मान ओढली, एकानं मोडली, एकानं पट्टा दिला. प्रत्येक वेळी दोन दिवस बरं, परत तेच.

मी मानेची तपासणी करत होते आणि त्यांच्या पत्नी बाकावर बसल्या होत्या. मी त्यांना विचारलं, काकू, रात्री काय होतं ते तुम्ही सांगा. त्यांना आजवर कुणीच विचारलं नव्हतं. म्हणाल्या, "ह्यांचं घोरणं गल्लीला ऐकू जातंय. मधीच एकदम बंद. श्वासच न्हाई. मी मोजत बसतो. मग दचकून फुरफुरत उठत्यात. मीच हलवून हलवून जागा करतो. मला तरी कुठली झोप?"

मी टेप आणली आणि मान मोजली. सेहेचाळीस सेंटिमीटर. पुरुषाची मान त्रेचाळीसच्या पुढं गेली की आम्ही सावध होतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. मान जाड असली, वजन वाढलेलं असलं की श्वासाची वाट मिटते. छाती ओढते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून माणसाला जागं करतो. रात्रीत हे शेकडो वेळा होऊ शकतं आणि माणसाला सकाळी त्यातलं क्वचितच आठवतं. रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. अशा माणसाला झोपेची गोळी किंवा दारू दिली तर घसा आणखी सैल पडतो. जाड मानेच्या पैलवानाला हे होऊ शकतं, पण कुस्ती सुटलेल्या पैलवानाला आपल्या मानेचा एवढा अभिमान असतो की ती आजाराचं कारण असेल हे कुणाच्या मनातच येत नाही.

निद्राचाचणी झाली, निदान पक्कं झालं. रात्रभर दाबानं हवा देणारं यंत्र लावायला सांगितलं. ते यंत्र बघून पैलवान माझ्याकडं आले ते संतापून. "बैलागत मुसकं बांधून झोपू व्हय?" काकू शांतपणे म्हणाल्या, "बांधा. मला झोपायचं हाय." त्या वाक्यानं काम झालं. काही आठवड्यांनी ते आले तेव्हा चेहरा वेगळा होता, आवाज वेगळा होता. त्यांचा मानेचा मणका आजही तेवढाच झिजलेला आहे. त्याला कुणी हात लावला नाही, आणि ते सलग झोपतात.

शिरोलीच्या फौंड्रीतले, इचलकरंजीच्या मागावरचे कामगार येतात. आठवड्याला पाळी बदलते, दिवसा पत्र्याच्या खोलीत झोपायचं. त्यांच्या झोपेचा प्रश्न कामाच्या वेळांचा आहे आणि त्याचं उत्तर ना माझ्या हातात आहे, ना कुणा कायरोप्रॅक्टरच्या. मी त्यांना खिडकीला काळं कापड लावायला आणि पाळी संपल्यावर उन्हातून जाताना टोपी-चष्मा घालायला सांगते. एवढंच सांगू शकते, याचं वाईट वाटतं.

आता सलून. दाढी झाली की डोक्याला तेल, चंपी, आणि शेवटी एक हात हनुवटीखाली, एक डोक्यामागं, डावीकडं कडाक्, उजवीकडं कडाक्. कोल्हापुरातल्या बापई माणसांना हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही घातक असेल असं सांगितलं तर ती हसतात. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर चढतात आणि सगळ्यात वरच्या मणक्याशी एकदम वळण घेतात. मान झटक्यानं फिरवली तर त्या वळणावर रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथं गुठळी धरते आणि ती मेंदूत जाते. हे क्वचित घडतं. ज्यांची रक्तवाहिनी आधीच फाटायला लागलेली असते त्यांचीही मान दुखते आणि म्हणून ते मान मोडून घ्यायला जातात, त्यामुळं दोष किती कुणाचा यावर तज्ज्ञांत वाद आहे. पण २०२४ साली बळ्ळारीत तिशीतल्या एका तरुणाला सलूनमधल्या अशा झटक्यानंतर पक्षाघात झाल्याच्या बातम्या आल्या. त्याआधी २०१७ साली दिल्लीत एका माणसाची श्वासपटलाला जाणारी नस मान मोडल्यानंतर निकामी झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं. निद्रानाशासाठी एवढी जोखीम घेण्यासारखा कुठलाही फायदा सिद्ध झालेला नाही.

आमच्या जवळच्या एका सलूनमध्ये मी मुद्दाम गेले. मालक पन्नाशीचा, हाताला गुण असलेला माणूस. मी त्याचं बोट त्याच्याच मानेवर ठेवून ती रक्तवाहिनी कुठून जाते ते दाखवलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बानं हेच शिकवलं, ताई. आजवर कुणाला काय झालं न्हाई. पण आता तुम्ही दाखवलं, आता हात कसा लावू?" आणि लगेच खरी अडचण सांगितली, "गिऱ्हाईक मागतंय. न्हाई केलं तर म्हणतंय, पैसे पुरं घेतलं आन् मान ठेवलीस व्हय?" आम्ही दोघांनी मिळून वाट काढली. मान सोडून द्यायची, त्याऐवजी डोक्याला आणि खांद्यांना पाच मिनिटं जास्त. पुढच्या वेळी भेटला तेव्हा त्यानं आपणहून सांगितलं की गिऱ्हाइकं खुर्चीत पहिल्यासारखीच पेंगतात. झटक्यावाचून त्यांचं काही अडलेलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ साली कायरोप्रॅक्टरच्या पूर्ण शिक्षणासाठी किमान ४२०० तास सांगितले आहेत, त्यातले हजार तास देखरेखीखाली रुग्णांवर काम करण्याचे. आपल्याकडं या विद्येसाठी स्वतंत्र परवाना-कायदा नाही. त्यामुळं पाटी वाचून समोरचा माणूस काय शिकलाय ते कळत नाही. तेव्हा विचारा. कुठं शिकलात, किती वर्षं, आणि मला नक्की काय झालंय. रक्तदाब, हाडांची ठिसूळता, रक्त पातळ करणारी गोळी यांची चौकशी न करता जो थेट मानेला हात घालतो, त्याच्या टेबलावरून उठून या. पैसे गेले तरी चालतील.

आठवड्यात तीन रात्री आणि असं तीन महिने झोप येत नसेल, तर डॉक्टरांकडं जा आणि झोपेच्या सवयींवरच्या उपचाराबद्दल तुम्हीच विचारा, कारण गोळी लिहून देणं सोपं असतं. डॉक्टरांकडं जाताना रात्री शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत घेऊन जा आणि त्याला बोलू द्या. मान मोडून घेतल्यावर, सलूनमध्ये असो वा कुठंही, अचानक वेगळंच डोकं दुखायला लागलं, एकाचे दोन दिसायला लागले, बोलणं अडखळलं, तोल जायला लागला, तर घरी पडून राहू नका. कोल्हापुरातलं सीपीआर हे सरकारी रुग्णालय असो वा जवळचं दुसरं मोठं रुग्णालय, लगेच गाठा. गुठळी विरघळवणाऱ्या औषधासाठी साडेचार तासांचीच मुदत असते. आणि पुढच्या वेळी खुर्चीत बसल्या बसल्याच सांगून टाका, चंपी करा, खांदे रगडा, मान मात्र नको.